सहा जण, दोन संघ, तीन फेऱ्या: एकत्र कपडे तयार करण्याच्या सरावाच्या नोंदी

३ मार्च

आम्ही सहा जण. सगळेच कपडे तयार करतो, सगळेच आजवर एकेकटे काम करत आलो. यंदा टीव्हीवरच्या संघांच्या स्पर्धेसाठी अर्ज करायचं डोक्यात आहे, आणि तिथे टिकायचं तर दुसऱ्याने बेतलेलं कापड आपल्याला शिवता आलं पाहिजे, आपण बेतलेलं दुसऱ्याच्या हाती देता आलं पाहिजे. ते आपल्याला जमतं का, हेच कुणाला ठाऊक नाही. म्हणून तीन शनिवार-रविवार, तीन फेऱ्या. काय बिघडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं काम माझ्याकडे. असाच सराव करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून इथे टाकते आहे.

नियम आम्ही फॅशन डिझायनरांच्या स्पर्धांच्या तीन टीव्ही कार्यक्रमांवरून घेतले. 'नेक्स्ट इन फॅशन'च्या २०२० च्या पहिल्या पर्वात अठरा डिझायनर होते आणि सुरुवातीच्या फेऱ्या त्यांनी जोड्यांनी केल्या. मिंजू किम पुढे एकटीने जिंकली, पण सुरुवातीला ती एंजल चेनबरोबर जोडीतच होती. म्हणून आमची पहिली फेरी जोड्यांची. त्याच वर्षीच्या 'मेकिंग द कट'मध्ये डिझायनर संध्याकाळी सूचना लिहून ठेवत आणि रात्री शिवणकाम करणारे लोक त्यावरून कपडा शिवत. ती आमची दुसरी फेरी. आणि 'प्रोजेक्ट रनवे'चं अकरावं पर्व, २०१३ चं: सोळा जण, आठ-आठांचे दोन संघ, आणि हरलेल्या संघातल्या कुणाला तरी घरी जावं लागायचं. त्यावरून आमची तिसरी फेरी, तिघा-तिघांचे दोन संघ.

घरी कुणाला पाठवायचं नाही. पण घड्याळ खरं. वेळ संपली की हातातली सुई खाली.

८ मार्च, फेरी १, पहिला दिवस

माझी जोडी ताईंबरोबर. ताई आमच्यात वयाने आणि अनुभवाने सगळ्यांत मोठ्या, त्यांची टीप डोळे मिटून मारली तरी सरळ येते. माझं बलस्थान बेतणं आणि कापणं. त्यामुळे वाटणी आपसूकच झाली: मी कापते, ताई शिवतात. दहा तासांत एक गाऊन. वर अंगाला बसणारी आठ तुकड्यांची चोळी, खाली चुण्यांचा घेर.

पहिले तीन तास फार सुरेख गेले. आम्ही एकमेकींशी फारसं बोललोही नाही आणि तेच आम्हाला चांगलं लक्षण वाटलं. चौथ्या तासाला मी चोळीचे आठही तुकडे आणि अस्तर कापून ताईंच्या टेबलावर ठेवलं आणि घेराकडे वळले.

सहाव्या तासाला चोळी पुतळ्यावर चढवली. मागची चेन लागेना. मला वाटलं चेन अडकली. मग टेप लावली. कंबर अठ्ठावीस हवी होती, भरली चोवीस.

चार इंच. एवढी चूक माझ्याकडून कधी झालेली नाही आणि ताईंकडून तर नाहीच. दोघींनी आपापलं काम पुन्हा तपासलं. माझं कापणं बरोबर होतं. त्यांची टीप बरोबर होती. मग ताईंनी एक तुकडा उलटा करून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "माया किती ठेवली होतीस?"

अर्धा इंच. (माया म्हणजे टिपेच्या पलीकडे कडेला ठेवलेलं जादा कापड.) मी नेहमी अर्धाच ठेवते. ताई नेहमी पाऊण इंचावर शिवतात, त्यांच्या मशीनच्या पाटीवरच्या त्या रेषेवर त्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे. म्हणजे प्रत्येक कडेला पाव इंच कापड जास्त आत गेलं. शिवणीला दोन कडा, म्हणून शिवणीमागे अर्धा इंच. आठ तुकड्यांच्या सात शिवणी आणि आठवी मागची चेन. आठ अर्धे, चार इंच.

विचारायला एक वाक्य पुरलं असतं. ते ताईंनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण दोघींनाही आपली पद्धत ही पद्धत वाटतच नव्हती, कपडा असाच शिवतात असं वाटत होतं.

९ मार्च, फेरी १, त्याच गाऊनची पुढची गोष्ट

काल रात्री नऊपर्यंत जे केलं ते आज शांतपणे लिहिते, कारण अशी चूक कुणाचीही होऊ शकते आणि ती निस्तरता येते.

आधी वाटलं, सगळं उसवू आणि अर्ध्या इंचावर पुन्हा टीप मारू. पण ताईंचं काम चोख असल्यामुळेच ते अडलं. प्रिन्सेस कटच्या, म्हणजे छातीवरून आणि पाठीवरून वळत कंबरेपर्यंत उतरणाऱ्या, चारही शिवणींच्या वळणांवर त्यांनी माया नीट बसावी म्हणून टिपेपर्यंत काप दिले होते. टीप पाऊण इंचावर, म्हणजे काप अर्ध्या इंचाच्या पुढे गेलेले. तिथे शिवण सैल केली असती तर कापांची टोकं दर्शनी बाजूला उघडी पडली असती. त्या चार शिवणींना हात लावायचा नाही, असं ठरलं.

उरल्या चार जागा: पुढची मधली शिवण, दोन्ही बगला आणि चेन. तिथे काप नव्हते. त्या उसवून अर्ध्या इंचावर घेतल्या तेव्हा दोन इंच परत मिळाले. राहिलेल्या दोन इंचांसाठी दोन्ही बगलांत त्याच कापडाची पट्टी घातली. शिवून एक इंच दिसेल अशी, म्हणजे कापताना दोन इंच रुंद. पट्टी उभ्या धाग्यावरच कापली, चोळी ताणू नये म्हणून. अस्तर वाचलं, कारण ते अजून शिवायचं राहिलं होतं. ते थेट अर्ध्या इंचावर शिवलं आणि बरोबर अठ्ठावीस भरलं.

दहातले अडीच तास यात गेले. घेराची खालची दुमड हाताने घालायची होती ती मशीनवर घालावी लागली आणि कापडाला शोभली नाही. परीक्षक म्हणून आम्ही पॅटर्न शिकवणाऱ्या एका मॅडमना बोलावलं होतं. बगलेतली पट्टी त्यांच्या नजरेला मुद्दाम केलेली रेघ वाटली. दुमड मात्र त्यांनी लगेच पकडली.

दुसऱ्या दोन जोड्यांपैकी एकीचा कपडा वेळेत झाला, एकीचा नाही. त्यांच्याकडे वेगळाच गोंधळ: एकाने मापं सेंटिमीटरमध्ये लिहिली आणि दुसरीने ती इंचांची समजून बाहीची उंची काढली. कापण्याआधीच लक्षात आलं, म्हणून कापड वाचलं. गेला तो अर्धा तास.

११ मार्च

सहाही जण पाऊण तास बसलो. नियम दोनच केले, जास्त केले तर कुणी पाळणार नाही.

एक, कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने माया लिहायची. कागदी पॅटर्नवर लिहून भागत नाही, कारण शिवणाऱ्याच्या हातात कागद येतच नाही, कापड येतं. मापं सगळी इंचांत.

दोन, मधली फेरी. 'प्रोजेक्ट रनवे'मध्ये तेव्हाचा मार्गदर्शक टिम गन अर्ध्यावर सगळ्यांच्या टेबलांवरून फिरायचा. तो तिथे परीक्षक नसायचा, नुसतं बघून विचारायचा. आम्ही ठरवलं की निम्मा वेळ संपताना प्रत्येक कपडा कच्च्या टाक्यांवर का होईना पुतळ्यावर चढलेला हवा. आमचा गाऊन पाचव्या तासाला धावदोऱ्यावर चढला असता तर कापच दिले गेले नसते आणि सगळं वीस मिनिटांत उसवून झालं असतं. धावदोऱ्याला वेळ जातो म्हणून आम्ही तो टाळला होता.

१५ मार्च, फेरी २, पहिला दिवस

आता तिघांचे संघ. आमच्यात मी, ताई आणि एक दादा, जो कागदावर न आखता थेट पुतळ्यावर कापड लावून कपडा घडवतो. शनिवारी जॅकेट बेतायचं, कापायचं, शक्य तेवढं शिवायचं, आणि संध्याकाळी सगळं सूचनांच्या कागदासकट समोरच्या संघाला द्यायचं. त्यांचं आम्ही घ्यायचं. रात्री चार तास दुसऱ्याचा कपडा शिवायचा. त्या वेळात फोन करायचा नाही.

आमचं कापड कॉर्डरॉय, उभ्या रेघांचं, मखमलीसारखी लव असलेलं. ते दादाने निवडलं, मला मनातून नको होतं. दोन मीटर, पन्हा मोठा. कापताना मी कॉलरच्या पॅटर्नवर होते आणि बाह्या दादाने बेतल्या. त्याने एक बाही उलटी लावून चाळीस सेंटिमीटर कापड वाचवलं. (हो, सेंटिमीटर. कापडाची लांबी मीटरमध्येच मोजतो, इंचांचा नियम फक्त कपड्याच्या मापांना.) वाचवलेलं कापड बघून मला बरंच वाटलं.

सूचनांचा कागद मी लिहिला. एक पान, आकृतीसह. संध्याकाळी सात वाजता दिला.

१६ मार्च, फेरी २, दुसरा दिवस

सकाळी जॅकेट परत आलं. शिवण स्वच्छ, माया सगळीकडे सारखी, बारा तारखेपासून खडूने लिहायची जी सवय लावली ती कामी आली. पण दोन गोष्टी चुकल्या होत्या आणि दोन्ही आमच्याच होत्या.

पहिली, खिशांची झाकणं. मी लिहिलं होतं, "झाकण २ इंच वर." कशाच्या वर? माझ्या डोक्यात कंबरेची रेघ होती. शिवणाऱ्याने खिशाच्या तोंडापासून मोजलं, आणि कागद वाचून मीही तेच केलं असतं. झाकणं खिशापासून तुटून वर तरंगत होती. उसवून खाली घेतली. कॉर्डरॉयवर जुन्या टिपेची रेघ राहते, ती वाफ देऊन आणि बारीक ब्रशने लव उभी करून पुष्कळशी गेली. पूर्ण नाही गेली, पण झाकणाखाली दडली.

दुसरी मोठी. जॅकेट खिडकीपाशी नेलं आणि डावी बाही उजवीपेक्षा गडद दिसली. एकाच थानाचं कापड. हात फिरवला तेव्हा कळलं. उजव्या बाहीवर हात खाली सरकतो, डावीवर अडतो. लव वरच्या दिशेला असली की कापड गडद दिसतं, खालच्या दिशेला असली की फिकट. उलटी लावलेली बाही ती हीच. रात्रीच्या दिव्यात फरक दिसला नव्हता.

दादा बराच वेळ गप्प बसला होता. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. कापड पुरवायचं हे त्याच्या मनावर इतकं होतं की लवेचं भान सुटलं. आणि मी शेजारच्याच टेबलावर असून बघितलं नाही.

नवी बाही कापायला लागतात चोवीस इंच, म्हणजे सुमारे एकसष्ट सेंटिमीटर. हातात होते तेच वाचवलेले चाळीस. मग ताईंनी सुचवलं की बाही कोपरापर्यंतच ठेवू. चाळीस सेंटिमीटरमध्ये कोपरापर्यंतची एक बाही योग्य लवेने बसली. उजवी तिच्याइतकीच कापून आखूड केली. खाली दुमडायला कापड उरलं नाही म्हणून आतून अस्तराची पट्टी लावली. तीन तास गेले. आखूड बाह्यांचं जॅकेट आमच्या मूळ रेखाटनापेक्षा चांगलं दिसतं असं मॅडम म्हणाल्या. मला अजूनही लांब बाह्यांचंच हवं होतं.

समोरच्यांचा कपडा आम्ही रात्री शिवला. त्यांचा कागद माझ्यापेक्षा फार चांगला होता. प्रत्येक मापाला 'कुठून' आणि 'कुठपर्यंत', आणि कापडाच्या सुलट्या बाजूवर रंगीत दोऱ्याचा एक टाका. तो टाका मी उचलला. ज्या कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात तिथे याहून सोपी खूण नाही. लवेच्या कापडाला आता आम्ही प्रत्येक तुकड्यावर बाणही काढतो.

२२ मार्च, फेरी ३, पहिला दिवस

दोन दिवस, संघाला तीन कपडे, आणि तिन्ही एका घरातले वाटले पाहिजेत. आमचा रंग काळा आणि एक हिरवा. काळ्याने पहिलाच तास खाल्ला: दोन काळी कापडं एकमेकांशेजारी ठेवली तर एक निळसर, एक तपकिरी. ट्यूबलाइटखाली जुळली होती, उन्हात नाही. एक बदललं.

मग वाद झाला. तो लपवून उपयोग नाही. दादाला सॅटिनचा, तिरक्या धाग्यावर कापलेला, अंगावरून वाहणारा गाऊन करायचा होता. मला वाटत होतं की तो इतर दोन कपड्यांना खाऊन टाकेल. ताई कुणाच्याच बाजूने बोलेनात. तासभर आम्ही तिघंही एकाच कपड्यावर मतं देत होतो आणि तिन्ही कपड्यांवर काम थांबलं होतं. 'प्रोजेक्ट रनवे'च्या अकराव्या पर्वात आठ-आठ जण एका संघात कसे वागत होते ते बघताना मी घरबसल्या फार शहाणपणा केला होता. मिशेल लेझनिअक ते पर्व जिंकली, पण तिचा संघ सुरुवातीला पुन्हा पुन्हा हरत होता, आणि हरलेल्या संघात उभं राहून स्वतःचा कपडा वेगळा सिद्ध करायचा म्हणजे काय ते मला आज जरा कळलं. मीही नकळत हेच मोजत होते की मॅडमना माझा कपडा कुठला ते कळेल का.

शेवटी ताई बोलल्या: "प्रत्येक कपड्याला एकच मालक. बाकीच्यांनी मालक सांगेल ते करायचं, मत विचारलं तर द्यायचं." गाऊन दादाचा, कोट माझा, पँट आणि वरचा ब्लाउज ताईंचा. पाच मिनिटांत कामं सुरू झाली.

दुपारी कोट, पँट आणि मग गाऊन असा क्रम लागला, कारण कोटाचं काम जास्त होतं. गाऊन रात्री आठला शिवून झाला. दादाने खालची कड सरळ कापून बारीक दुमड घालूनही टाकली. पुतळ्यावर टांगून आम्ही घरी गेलो.

२३ मार्च, फेरी ३, दुसरा दिवस

सकाळी दार उघडलं आणि समोरच गाऊन. खालची कड लाटेसारखी. दोन ठिकाणी सव्वा इंच खाली आलेली, मध्ये जशीच्या तशी.

तिरक्या धाग्याचं कापड स्वतःच्या वजनाने ताणतं. जिथे धागा अगदी तिरका पडतो तिथे जास्त, जिथे उभा किंवा आडवा येतो तिथे नाहीच. म्हणून तसा कपडा शिवला की तो टांगून ठेवायचा, चोवीस तास ठेवता आला तर उत्तम, आणि मगच कड कापायची. हे आम्हा तिघांनाही पाठ आहे. पण चोवीस तास टांगायचा कपडा रात्री आठला शिवून होत असेल तर पाठ असून काय करणार? तो शनिवारी सगळ्यांत आधी कापायला हवा होता, दुपारपर्यंत टांगायला हवा होता, आणि कोट त्यानंतर. आम्ही क्रम लावला तो काम किती आहे ते बघून. कुठल्या कपड्याला हात न लावता नुसता वेळ द्यावा लागतो ते बघितलं नाही.

दुरुस्ती लिहून ठेवते. दुमड उसवली. सॅटिनवर सुईची भोकं दिसतात, म्हणून ती दुमडीची पट्टी टाकूनच द्यायची ठरली, लांबी कमी झाली तरी चालेल. गाऊन पुतळ्यावर, पुतळा सपाट जमिनीवर. लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरून वीतभर अंतराने एकेक टाचणी, जमिनीपासून सारख्या उंचीवर. टाचण्या आतल्या बाजूने, कापडाच्या कडेजवळच, कापून जाणार आहे त्या भागात. मी पट्टी धरून गुडघ्यांवर फिरले, दादाने टाचण्या लावल्या, ताई दुरून बघत राहिल्या की रेघ डोळ्यांना सरळ दिसते का, कारण पट्टी बरोबर असली तरी पुतळा कलता असू शकतो. एका ठिकाणी त्यांनी दोनदा मोजायला लावलं. तिथे पुतळ्याच्या पायाखाली दोऱ्याचं रीळ अडकलं होतं.

मग कापलं आणि हाताने गुंडाळून बारीक तुरपाई. दादा एका बाजूने, ताई दुसऱ्या बाजूने, मध्ये भेटले तेव्हा टाके वेगळे ओळखू येत नव्हते. अडीच तास आणि गाऊनची दीड इंच लांबी गेली. माझ्या कोटाची काज हाताने करायची होती ती राहिली, शेवटी प्रेसबटणं लावली. त्याचं मला वाईट वाटतं, पण मालक मी होते आणि दोघांनाही गाऊनवर राहू द्यायचं हे मीच ठरवलं.

मॅडमनी समोरच्या संघाला वरचढ ठरवलं. त्यांचे तीन कपडे खरोखर एका हातातले वाटत होते. आमच्यातला गाऊन त्यांनी दोनदा चालवून बघितला. खालची कड जमिनीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली.

३० मार्च

तिन्ही फेऱ्यांत उसवण्यात आणि पुन्हा करण्यात माझ्या संघाचे आठ तास गेले: गाऊनच्या चोळीचे अडीच, जॅकेटचे तीन, सॅटिनचे अडीच. त्यातला एकही तास कमी कौशल्यामुळे गेला नाही. माया न सांगितल्यामुळे गेले, लव न बघितल्यामुळे गेले, आणि टांगायचा कपडा शेवटी कापल्यामुळे गेले. वादाचा एक तास यात धरलेला नाही. कापडात सगळ्यांत मोठं नुकसान बदललेल्या काळ्याचं, अडीच मीटर, पण ते अखंड आहे, चौथ्या फेरीत लागेल.

चौथी फेरी घ्यायचीच असं सगळ्यांचं मत पडलं. जोड्या बदलून. मी दादाबरोबर. त्याने आजच फोन करून विचारलं, "माया किती?" मी म्हटलं अर्धा. तो म्हणाला, "मी पाव ठेवतो. बोलू यावर."